तारणाऱ्या औषधाचे व्रण

तुमच्या गुडघ्यावर किंवा कोपरावर एखादा जुना व्रण नक्की असेल. सायकल शिकताना पडलात, आट्यापाट्या खेळताना खरचटले, चिंचेच्या झाडावरून घसरलात. जखम भरली, खपली पडली आणि तिथे एक पांढुरकी, गुळगुळीत खूण कायमची राहिली. त्या खुणेकडे नीट निरखून पाहा. तिच्यावर लव उगवत नाही. उन्हात तिथे घाम येत नाही. म्हणजे तिथे कातडी आहे, पण कातडीची सगळी कामे ती करत नाही. शरीराने घाईघाईने ठिगळ लावले. मूळ कापड काही पुन्हा विणले नाही.

हे ठिगळ मुख्यतः कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाच्या तंतूंचे असते. गुडघ्यावर दोन बोटे रुंदीचे ठिगळ असले म्हणून आपले काही अडत नाही. पण असेच ठिगळ शरीराच्या आत, रात्रंदिवस राबणाऱ्या एखाद्या नाजूक अवयवात पडू लागले तर? काम करणाऱ्या पेशींच्या जागी नुसते तंतू भरत जातात आणि अवयव हळूहळू कडक व निकामी होतो. या विकाराला तंतुमयता म्हणतात.

या लेखात आपण मूत्रपिंडातील अशाच एका तंतुमयतेची हकिगत पाहणार आहोत. तिच्यात एक मोठा पेच आहे. ती घडवून आणण्यात एका औषधाचा हात असतो आणि ते औषध नेमके त्याच मूत्रपिंडाला वाचवण्यासाठी दिलेले असते!

बारा बादल्यांची गाळणी

प्रथम मूत्रपिंडाची ओळख करून घेऊ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या कडेजवळ, घेवड्याच्या बीच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. मात्र हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. एवढ्याशा अवयवांना इतके रक्त कशासाठी? अर्थात गाळण्यासाठी.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो आणि त्यापुढे एक लांब, वळणावळणाची नलिका असते. गुच्छातून रक्तातील पाणी, क्षार, साखर, युरिया असे सारे काही गळून नलिकेत उतरते. मग नलिकेच्या पेशी त्यातून कामाच्या गोष्टी वेचून रक्ताला परत करतात. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव असा गाळला जातो. घरातल्या पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर बारा बादल्या! त्यातून शेवटी लघवी होते ती जेमतेम दीड लिटर. बाकीचे सगळे नलिकांनी परत घेतलेले असते.

दोन गोष्टी इथे ध्यानात ठेवा. पहिली ही, की गुच्छाकडे रक्त आणणारी रोहिणी अतिशय बारीक असते आणि ती आवळली किंवा सैल झाली की गाळण्याचा वेग बदलतो. दुसरी ही, की जन्मानंतर माणसाच्या शरीरात नवा नेफ्रॉन तयार होत नाही. गेलेला नेफ्रॉन गेलाच.

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात टाकाऊ पदार्थ साठतात. मग यंत्राने रक्त शुद्ध करावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. बहुतेक रुग्णांना आठवड्यातून दोन-तीनदा कित्येक तास यंत्राशेजारी पडून राहावे लागते. दुसरा उपाय म्हणजे दुसऱ्या माणसाचे मूत्रपिंड शरीरात बसवणे, म्हणजेच मूत्रपिंडाचे रोपण.

परका ओळखणारे शरीर

रोपण म्हणजे यंत्राचा सुटा भाग बदलण्यासारखे सोपे असते तर काय हवे होते! पण आपले शरीर आपला आणि परका यांत काटेकोर भेद करते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवर दुसऱ्याची कातडी लावण्याचे प्रयत्न होत असत. १९४३ साली ग्लासगो येथे पीटर मेडावार व टॉमस गिब्सन यांनी पाहिले, की रुग्णाला तिच्या भावाची कातडी लावली तर ती काही दिवसांनी गळून पडते. आणि त्याच भावाची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती आणखी लवकर नष्ट होते. म्हणजे शरीर परक्याला ओळखते एवढेच नव्हे, तर त्याची आठवणही ठेवते. या विषयावरील पुढच्या संशोधनासाठी मेडावार यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्रपिंडाच्या रोपणाला पहिले खरे यश आले ते २३ डिसेंबर १९५४ रोजी, अमेरिकेतील बोस्टन शहरात. डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाचे एक मूत्रपिंड त्याचा भाऊ रिचर्ड याला बसवले. ते टिकले, कारण दोघे एकरूप जुळे होते. रिचर्डच्या शरीराला भावाचे मूत्रपिंड परके वाटलेच नाही! तो आणखी आठ वर्षे जगला. पण जुळा भाऊ असणारे रुग्ण असे किती? बाकीच्यांसाठी शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दडपून टाकणारे औषध हवे होते.

१९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही औषधे जोडीने वापरली जाऊ लागली. त्यांनी मार्ग खुला केला खरा, पण मृत दात्याकडून घेतलेली जवळजवळ निम्मी मूत्रपिंडे वर्षभरातच बंद पडत. शिवाय अ‍ॅझाथायोप्रिनचा घाव सरसकट असे. अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होण्याचे कामच त्याने मंदावते. चोर पकडण्यासाठी सगळ्या गावाला कोंडून ठेवावे, तसा हा प्रकार.

नॉर्वेच्या माळावरची माती

हवे ते औषध सापडले, पण फारच आडवाटेने. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सँडोझ या औषध कंपनीत एक पद्धत होती. कर्मचारी सुटीत परदेशी गेले की येताना तिथली चिमूटभर माती पिशवीत घालून आणत. मातीत नाना तऱ्हेच्या बुरश्या असतात, आणि पेनिसिलिनसारखे एखादे नवे औषध त्यांतून मिळेल अशी आशा असे. १९६९ साली नॉर्वेतील हार्डांगरविडा या उंच, थंड पठारावरून अशीच माती आली. तिच्यातील एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन हा पदार्थ मिळाला. तो म्हणजे अकरा अमिनो आम्लांची, दोन्ही टोके जोडून केलेली एक माळ. ती बुरशी भुंगेऱ्याच्या अळ्यांवरही वाढते, असे पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांना आढळले.

रोगजंतू मारण्याच्या कामी सायक्लोस्पोरिन फारसे उपयोगी ठरले नाही. पण १९७२ साली हार्टमान श्टेहेलिन आणि जाँ-फ्रान्स्वा बोरेल यांच्या प्रयोगशाळांतील चाचण्यांत एक वेगळीच गोष्ट दिसली. या पदार्थाने उंदरांची प्रतिकारशक्ती मंदावली, पण इतर पेशींची वाढ मात्र चालू राहिली. म्हणजे गाव मोकळे आणि चौकीवरचा शिपाई तेवढा झोपलेला! बोरेल यांनी या औषधाचा नेटाने पाठपुरावा केला. १९७८ साली केंब्रिज येथे डॉ. रॉय काल्न यांनी मूत्रपिंडाच्या सात रुग्णांना ते दिले. पाच रुग्ण नव्या, चालत्या मूत्रपिंडासह घरी गेले. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापराला मान्यता मिळाली. रोपणानंतर वर्षभर टिकणाऱ्या मूत्रपिंडांचे प्रमाण निम्म्यावरून शेकडा ऐंशीच्या आसपास गेले. हृदय व यकृत यांची रोपणेही आता जगभर होऊ लागली.

पुढे जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या एका जीवाणूपासून १९८४ साली टॅक्रोलिमस हे तशाच कामाचे, पण अधिक प्रभावी औषध मिळाले. मूत्रपिंड बसवलेल्या बहुतेक रुग्णांना आज टॅक्रोलिमसच दिले जाते.

बेडी तोडणारा लोहार

ही औषधे शिपायाला झोपवतात कशी? परका ओळखण्याचे काम रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ‘टी’ पेशी करतात. टी पेशीला परक्याची चाहूल लागली की तिच्या आतील कॅल्शियम वाढते. त्यामुळे कॅल्सिन्युरिन नावाचे एक विकर जागे होते. पेशीत एक निरोप्या प्रथिन असते. त्याला फॉस्फेटची बेडी घातलेली असल्यामुळे ते जागचे हलू शकत नाही. कॅल्सिन्युरिन हा ती बेडी तोडणारा लोहार समजा. बेडी तुटली की निरोप्या थेट पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि ‘फौज वाढवा’ असा हुकूम सुटतो. मग टी पेशींची संख्या भराभर वाढते आणि परक्या अवयवावर हल्ला होतो.

सायक्लोस्पोरिन पेशीत शिरून तिथल्याच एका प्रथिनाशी जोडी जमवते आणि ही जोडी लोहाराचे हात धरून ठेवते. बेडी तुटत नाही, हुकूम सुटत नाही आणि परके मूत्रपिंड सुरक्षित राहते. टॅक्रोलिमस दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी जमवते, पण शेवटी हात धरते ते त्याच लोहाराचे. ही युक्ती १९९१ साली उलगडली.

आता चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “हा लोहार फक्त टी पेशींतच असतो का?” प्रश्न अगदी योग्य आहे. कॅल्सिन्युरिन शरीरातील बहुतेक सर्व पेशींत असते, मूत्रपिंडाच्या पेशींतही असते आणि तिथे त्याची वेगळी कामे चालू असतात. आपल्या पेचाचे मूळ इथेच आहे.

दोष कोणाचा?

काल्न यांच्या पहिल्या सात रुग्णांतच एक खोट दिसली होती. औषध मूत्रपिंडाला बाधत होते. त्या वेळची मात्रा आजच्या मानाने फार मोठी होती. ती कमी केली की मूत्रपिंडाचे काम बरेचसे सुधारत असे. त्यामुळे हा तात्पुरता त्रास असावा असे वाटले. पण महिने लोटले, वर्षे लोटली, तसे काही रुग्णांच्या रक्तातील क्रिएटिनीन पुन्हा हळूहळू चढू लागले. क्रिएटिनीन हा स्नायूंत तयार होणारा टाकाऊ पदार्थ असतो. तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. म्हणून तो रक्तात वाढला की गाळणी तुंबू लागली असे समजावे.

गाळणी का तुंबते आहे? दोन शक्यता होत्या. एक, शरीर नव्या मूत्रपिंडावर छुपा हल्ला करत असेल. दोन, औषधच त्याला पोखरत असेल. या दोहोंत निवाडा कसा करायचा? कारण उपाय अगदी उलटे! हल्ला असेल तर औषध वाढवायला हवे आणि औषध दोषी असेल तर ते कमी करायला हवे. चूक झाली तर मूत्रपिंड जाणार.

तुम्ही डॉक्टरांच्या जागी असता तर कोणता पुरावा शोधला असता? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

उत्तर मोठे सुंदर आहे. हृदय बसवलेल्या रुग्णांकडे पाहायचे! त्यांनाही सायक्लोस्पोरिन दिले जाते, पण त्यांची मूत्रपिंडे त्यांची स्वतःचीच असतात. स्वतःच्या मूत्रपिंडावर परका म्हणून हल्ला होण्याचा प्रश्नच नाही. ती बिघडली तर संशय औषधाकडेच जाणार. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉ. ब्रायन मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. वर्षभर किंवा अधिक काळ सायक्लोस्पोरिन घेतलेल्या हृदयरुग्णांची तुलना त्यांनी जुने अ‍ॅझाथायोप्रिन घेतलेल्या हृदयरुग्णांशी केली. सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांची मूत्रपिंडे जवळजवळ निम्म्या वेगानेच गाळत होती. काहींच्या मूत्रपिंडाचा बारीक तुकडा सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा नलिकांच्या मधल्या जागेत तंतू माजलेले दिसले. १९८४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि औषधाचा दोष उघड झाला.

हा दोष थोडाथोडका नाही. २००३ साली अमेरिकेत हृदय, यकृत, फुफ्फुस यांसारखे मूत्रपिंडाव्यतिरिक्त अवयव बसवलेल्या ६९,३२१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील शेकडा साडेसोळा रुग्णांची, म्हणजे साधारण सहांतील एकाची, मूत्रपिंडे पुढे गंभीरपणे बिघडली होती. यात वय, मधुमेह, रक्तदाब यांचाही वाटा होता. पण या औषधांचा वाटा मोठा होता.

व्रण पडतात ते असे

आता मूत्रपिंडाच्या आत डोकावू. नुकसान दोन वाटांनी होते.

पहिली वाट पाणीटंचाईची म्हणा. या औषधांमुळे रक्तवाहिन्या आवळणारे पदार्थ वाढतात आणि त्या सैल करणारे पदार्थ कमी होतात. गुच्छाकडे रक्त आणणारी बारीक रोहिणी त्यामुळे आवळली जाते. सुरुवातीला मात्रा कमी केली की ती पुन्हा सैल होते. पण वर्षानुवर्षे असे चालले की रोहिणीच्या भिंतीत काचेसारखा चकचकीत थर साचतो आणि तिचे तोंड कायमचे अरुंद होते. याचा परिणाम समजण्यासाठी कालव्याचे उदाहरण घ्या. कालव्याचे पाणी कमी झाले की सगळी शेते सारखी सुकत नाहीत. मुखाजवळची शेते हिरवी राहतात आणि शेवटच्या टोकाची आधी करपतात. मूत्रपिंडातही रक्तपुरवठ्याच्या शेवटाला असलेल्या नलिका आधी सुकतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी भाग आणि तंतूंचा भाग यांचे पट्टे आलटून पालटून दिसतात. पट्ट्यापट्ट्यांची ही तंतुमयता डॉक्टरांच्या चांगलीच ओळखीची झाली आहे.

दुसरी वाट थेट पेशींवरच्या परिणामाची आहे. नलिकेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना सायक्लोस्पोरिन दिले, तर त्या टीजीएफ-बीटा नावाचा निरोप अधिक प्रमाणात सोडतात. हा निरोप मुळात वाईट नाही. तुमच्या गुडघ्याची जखम भरून काढताना तोच कामी आला होता. ‘इथे मोडतोड झाली आहे, तंतू विणा’ असा त्याचा अर्थ. तो मिळाला की नलिकांच्या मधल्या जागेतील शांत पेशी जाग्या होतात, आकुंचन पावण्याची शक्ती मिळवतात आणि कोलॅजेन विणू लागतात. जखमेच्या बाबतीत काम झाले की हुकूम थांबतो. इथे मात्र औषध सकाळ-संध्याकाळ चालूच असते, म्हणून हुकूमही सुटतच राहतो. जखम नसताना व्रण पडत जातो!

टॅक्रोलिमसच्या बाबतीत आणखी एक मौज प्रयोगशाळेत दिसली आहे. हे औषध पेशीतील ज्या प्रथिनाशी जोडी जमवते, ते प्रथिन एरवी टीजीएफ-बीटाच्या दाराला कडी लावून बसलेले असते. औषधाने त्याला तिथून ओढून नेले की दार निरोप नसतानाही किलकिले होते. बशीतील पेशींत जे दिसते ते सगळे माणसाच्या मूत्रपिंडात तसेच्या तसे घडते असे मात्र लगेच म्हणता येत नाही.

मग प्राण्यांवरील सुरुवातीच्या प्रयोगांत हा धोका का दिसला नाही? उंदीर-घुशींची मूत्रपिंडे या औषधाला सहजासहजी दाद देत नाहीत. पण त्यांच्या आहारातील मीठ अगदी कमी केले की काही आठवड्यांतच माणसासारखे पट्टे उमटतात, हे १९९० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. मीठ तोडल्यावर शरीरात रक्तवाहिन्या आवळणारी एक संप्रेरक-साखळी जोराने कामाला लागते. ती साखळी तोडणारे औषध या प्राण्यांना दिले तर तंतू कमी होतात. टीजीएफ-बीटाला बांधून ठेवणारी प्रतिद्रव्ये टोचली तरीही नुकसान कमी होते. म्हणजे रोहिणीचे आवळणे आणि तंतूंचा हुकूम या दोन्ही वाटांचा पुरावा मिळाला.

तारेवरची कसरत

“एवढे सारे कळले, मग ही औषधे बंद का करत नाहीत?” असे तुम्ही म्हणाल. नेमकी तिथेच गोम आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १२० रुग्णांच्या रोपण केलेल्या मूत्रपिंडांचे सूक्ष्म तुकडे दहा वर्षे वेळोवेळी तपासले गेले. एकूण ९६१ नमुने! २००३ साली निष्कर्ष आला, की दहा वर्षांनी जवळजवळ प्रत्येक मूत्रपिंडात या औषधांच्या खुणा दिसतात. साऱ्यांचे बोट औषधाकडे वळले. पण पुढच्या काळातील अभ्यासांनी दुसरी बाजूही पुढे आणली. वर्षांनंतर बंद पडणाऱ्या अनेक मूत्रपिंडांवर शरीराच्या प्रतिद्रव्यांनी सावकाश, छुपा हल्ला केलेला असतो, आणि औषध कमी पडले किंवा रुग्णाने ते टाळले तर असा हल्ला होण्याचा धोका वाढतो. शिवाय तंतुमयता हा शरीराचा एकच ठरलेला प्रतिसाद असल्याने, केवळ व्रण पाहून तो औषधाचा की हल्ल्याचा हे सांगणे अवघड जाते. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही गत आहे.

म्हणून डॉक्टर मधली वाट शोधतात. रुग्णाच्या रक्तातील औषधाचे प्रमाण वरचेवर मोजून मात्रा ठरवली जाते. २००७ साली १,६४५ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टॅक्रोलिमसची मात्रा कमी ठेवून जोडीला मायकोफेनोलेट हे दुसरे औषध दिलेल्या गटाची मूत्रपिंडे सर्वांत चांगले गाळत होती आणि हल्लेही सर्वांत कमी झाले होते. थोड्या औषधाने अधिक लाभ, असा हा धडा होता.

अशा रुग्णाला खाण्यापिण्यातही जपावे लागते. पपनसाच्या नात्यातील ग्रेपफ्रूट हे फळ खाल्ले तर ही औषधे मोडून टाकणारे आतड्यातील विकर बंद पडते आणि रक्तातील औषध एकदम वाढते. एका फळाने मोजमाप कोलमडते!

लोहाराला हात न लावणारी औषधेही आली आहेत. ईस्टर बेटाच्या मातीतील जीवाणूपासून रॅपामायसिन मिळाले. बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून त्याचे नाव पडले. अविभाजित हिंदुस्थानात जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे सुरेन सहगल यांनी त्यावर संशोधन केले. कंपनीने काम थांबवले तेव्हा त्यांनी त्या जीवाणूंचा नमुना घरच्या फ्रीजमध्ये जपून ठेवला, म्हणून तो वाचला. १९९९ साली ते औषध म्हणून मान्य झाले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते तंतू विणण्याला आळा घालते. पण याच कारणाने शस्त्रक्रियेची जखमही उशिरा भरते! व्रण पडू नयेत आणि जखम मात्र भरावी, ही दोन्ही सुखे एकदम मिळणे किती कठीण आहे ते यावरून दिसते. २०११ साली अमेरिकेत मान्य झालेले बेलाटासेप्ट हे शिरेतून द्यायचे औषध टी पेशीला बाहेरच्या बाहेर अडवते. सात वर्षांनंतरही ते घेणाऱ्यांची मूत्रपिंडे सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांपेक्षा चांगली राहिली. मात्र पहिल्या वर्षात शरीराचे हल्ले अधिक झाले. म्हणजे इथेही देवाण-घेवाण आलीच.

सर्वांत धाडसी कल्पना अशी, की शरीराला परका अवयव आपला मानायला शिकवायचे. २००८ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी दात्याच्या मूत्रपिंडाबरोबर त्याची अस्थिमज्जाही रुग्णाला दिली. अशा पाच रुग्णांपैकी चौघांची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे पुढे थांबवता आली. ही पद्धत अवघड आणि धोक्याची आहे, म्हणून ती सर्रास वापरता येत नाही. पण दिशा मात्र कळली.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा

तुमच्या नात्यात, शेजारात मूत्रपिंडाचे रोपण झालेले कुणी असेल. हा लेख वाचून त्यांना “ते औषध वाईट आहे हो, सोडून द्या” असे चुकूनही सांगू नका. औषध अचानक थांबवले तर शरीर थोड्याच काळात ते मूत्रपिंड नष्ट करू शकते, आणि मग पुन्हा डायलिसिसचे यंत्र नशिबी येते. औषधाचे व्रण वर्षांनुवर्षांत पडतात. हल्ला मात्र काही दिवसांत होऊ शकतो. घड्याळ लावून गोळी घेणे, ठरल्या दिवशी रक्त तपासणे, रक्तदाब ताब्यात ठेवणे आणि डॉक्टरांना न विचारता दुसरे कोणतेही औषध न घेणे, हाच आजचा शहाणपणाचा मार्ग आहे. तुम्हाला मदत करायची असेल तर त्यांना गोळीच्या वेळेची आठवण करून द्या.

औषध चांगले की वाईट, या प्रश्नाला विज्ञानात बहुधा अर्थ नसतो. किती द्यायचे, कोणाला, किती काळ आणि त्या बदल्यात काय गमवायचे, हे प्रश्न खरे असतात. कॅल्सिन्युरिनला टी पेशीत अडवायचे आणि मूत्रपिंडाच्या पेशीत मोकळे सोडायचे, असे औषध अजून कोणाला सापडलेले नाही. तंतू विणण्याचा हुकूम मूत्रपिंडापुरता थांबवायचा आणि गुडघ्याची जखम मात्र भरू द्यायची, हेही अजून साधलेले नाही. ही दोन्ही कोडी तुमच्या पिढीसाठी शिल्लक आहेत.